न निघणारा बोल्ट

मोटारसायकलीच्या इंजिनाचे बाजूचे झाकण उघडायचे आहे. झाकणाला दहा स्क्रू आहेत. नऊ स्क्रू निमूटपणे निघतात. दहावा मात्र जागचा हलत नाही. जोर लावला की स्क्रू ड्रायव्हर खाचेतून उसळून बाहेर येतो आणि दर वेळी खाच थोडी आणखी खरवडली जाते. चार-पाच प्रयत्नांत खाचेची वाटी होते. आता ड्रायव्हर धरायला जागाच नाही. स्क्रूची किंमत दोन-चार रुपये, पण तो ज्या ॲल्युमिनियमच्या आवरणात अडकला आहे ते आवरण बिघडले तर खर्च हजारांत जातो.

अशा वेळी काय करायचे, हे गॅरेजमधल्या अनुभवी मेकॅनिकला ठाऊक असते. तो तेल सोडतो, ठोकतो, तापवतो, थांबतो. वरवर पाहता ही हातचलाखी वाटते. पण त्याची प्रत्येक कृती विज्ञानाच्या पुस्तकातल्या एकेका धड्याशी जोडलेली आहे : उतरण, घर्षण, केशाकर्षण, गंजणे, उष्णतेने होणारे प्रसरण. हे सगळे धडे आपण वेगवेगळ्या महिन्यांत, वेगवेगळ्या प्रश्नोत्तरांसह शिकवतो. अडकलेल्या बोल्टपाशी ते एकत्र येतात. म्हणूनच आम्ही हा विषय शिक्षकांसाठी निवडला आहे.

उतरण, पण घर्षणासकट

'स्क्रू म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेली उतरण' हे वाक्य मुलांना पाठ असते. ते प्रत्यक्ष दाखवणे सोपे आहे. कागदाचा एक काटकोन त्रिकोण कापा. पाया १७ सेंटिमीटर आणि उंची १ सेंटिमीटर ठेवा. तिरपी कड रंगीत पेन्सिलीने ठळक करा आणि उंचीच्या बाजूने सुरुवात करून त्रिकोण साध्या पेन्सिलीभोवती गुंडाळा. रंगीत कडेचे सुमारे सात वेढे पडतील. हेच स्क्रूचे आटे.

१७ आणि १ हे आकडे आम्ही उगीच घेतलेले नाहीत. मोटारसायकलीच्या झाकणांना बहुधा ६ मिलिमीटर व्यासाचे स्क्रू असतात. असा स्क्रू एका फेऱ्यात १ मिलिमीटर पुढे सरकतो. आट्यांच्या निम्म्या खोलीवर परीघ काढला तर तो सुमारे १७ मिलिमीटर भरतो. म्हणजे १७ ला १ असा चढ. त्याचा कोन साडेतीन अंशांच्याही किंचित आत येतो.

आता एक सपाट फळी घ्या. तिच्यावर टेकूपासून ५१ सेंटिमीटर अंतरावर खूण करा आणि तेथे फळी ३ सेंटिमीटर उचला. हाही १७ ला १ चढ झाला. फळीवर लाकडाचा ठोकळा ठेवा. तो घसरत नाही. घसरायला लागेपर्यंत फळी उचलत न्या आणि कोन मोजा. लाकडावर लाकूड असेल तर हा कोन बराच मोठा येतो. किंचित तेलकट पोलादी आट्यांच्या बाबतीत तो आठ-दहा अंशांच्या आसपास असतो. स्क्रूची उतरण त्याहून खूपच सपाट. म्हणून घट्ट पिळलेला स्क्रू हात काढल्यावर उलटा फिरत नाही.

येथे एक गोष्ट वर्गात जरूर सांगावी. साध्या यंत्रांची गणिते सोडवताना आपण 'घर्षण नगण्य मानू' म्हणतो. पण घर्षण खरोखरच नगण्य असते, तर जगातला प्रत्येक बोल्ट घट्ट करून हात सोडताच आपणहून उलगडला असता. बोल्ट धरून ठेवतो तो घर्षणाच्या जोरावर.

बोल्ट ही एक ताणलेली स्प्रिंग

बोल्ट घट्ट केल्यावर नेमके काय होते? डोके झाकणावर टेकते. त्यानंतरही आपण पाना फिरवतो. आता डोके पुढे जाऊ शकत नाही, पण आटे दांड्याला आत ओढत राहतात. त्यामुळे दांडा किंचित ताणला जातो, आणि ताणलेल्या स्प्रिंगसारखा तो झाकणाला आवळून धरतो.

हा ताण किती असतो, याचा अंदाज करून पाहू. पोलादी ६ मिलिमीटर बोल्ट साधारण १० न्यूटन-मीटर पीळ देऊन घट्ट करतात. पाना १५ सेंटिमीटर लांबीचा असेल तर त्याच्या टोकाला सुमारे ६७ न्यूटन, म्हणजे सात किलो वजनाएवढा जोर लागतो. यातून दांड्यात निर्माण होणारा ताण सुमारे ८,००० न्यूटन असतो. ८०० किलो वजन टांगल्यासारखा! पेन्सिलीहून बारीक दांडा एवढा भार सोसत असतो.

आपण दिलेला पीळ जातो कुठे? ढोबळ हिशेब असा : जवळजवळ निम्मा पीळ डोक्याखालच्या घर्षणात जातो, सुमारे ४० टक्के आट्यांच्या घर्षणात, आणि बोल्ट ताणायला उरतात जेमतेम १० टक्के. हा हिशेब लक्षात ठेवावा. पुढे त्याचा मोठा उपयोग होणार आहे.

आणखी एक गंमत. बोल्ट घट्ट करताना आपण उतरण चढतो, सैल करताना ती उतरतो. म्हणून स्वच्छ बोल्ट सैल करायला तो घट्ट करताना लागला त्याहून कमी, अंदाजे पाऊण पट, पीळ पुरतो. तेवढ्याने तो हलला नाही, तर मधल्या काळात तेथे काहीतरी नवे घडले आहे असे समजावे.

अडकतो कशाने?

पहिले कारण गंज. लोखंडाचा गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. आट्यांमधल्या चिमूटभर फटीत तो तयार झाला की त्याला पसरायला जागा नसते. मग तो पाचर ठोकल्यासारखा दोन्ही बाजूंना दाबतो.

दुसरे कारण मोटारसायकलीत विशेष महत्त्वाचे आहे. स्क्रू पोलादाचा आणि आवरण ॲल्युमिनियमचे. दोन निराळे धातू एकमेकांना चिकटून आहेत आणि मध्ये ओलावा शिरला, तर तेथे चक्क एक विद्युतघट तयार होतो. या घटात ॲल्युमिनियम झिजते आणि आट्यांत पांढरट भुकटी साचते. पाण्यात मीठ असेल तर हे काम झपाट्याने होते. कोकण किनाऱ्यावर चालणाऱ्या गाड्यांचे स्क्रू देशावरच्या गाड्यांपेक्षा लवकर अडकतात, ते यामुळे. वर्गात हे दाखवता येते. मिठाच्या पाण्यात ॲल्युमिनियमच्या चकचकीत कागदाची पट्टी आणि लोखंडी खिळा एकमेकांना न लागता बुडवा आणि मल्टिमीटर जोडा. लहानसा विद्युतदाब दिसेल.

तिसरे कारण उष्णता. सायलेन्सर जेथे इंजिनाला जोडलेला असतो तेथले बोल्ट रोज तापतात आणि निवतात. तेथे तेलाचा अंशही उरत नाही आणि गंज लवकर धरतो. चौथे कारण माणूस. आधीच्या वेळी कुणीतरी लांब पान्याने गरजेपेक्षा जास्त आवळलेले असते. आणि काही ठिकाणी तर कारखान्यातच आट्यांना घट्ट होणारा चिकट द्रव लावलेला असतो. कंपनांनी बोल्ट सुटू नये म्हणून केलेली ती सोय असते.

डोके का बिघडते?

जुन्या १०० सीसी जपानी धाटणीच्या गाड्यांच्या झाकणांना अधिकच्या चिन्हासारखी खाच असलेले स्क्रू असतात. गॅरेजमध्ये त्यांना 'स्टार' स्क्रू म्हणतात. या खाचेच्या भिंती उभ्या नसतात, आत निमुळत्या होत गेलेल्या असतात. त्यामुळे पीळ दिला की त्याच उतारावरून ड्रायव्हर वर ढकलला जातो. येथेही उतरणच! शिवाय जपानी खाच आणि नेहमीची फिलिप्स खाच दिसायला सारख्या असल्या तरी मापाने किंचित निराळ्या आहेत. जपानी खाचेच्या स्क्रूवर बहुधा एक बारीक ठिपका असतो. त्यात फिलिप्स ड्रायव्हर तळापर्यंत बसत नाही आणि खाच लवकर खरवडते.

षटकोनी डोक्याचे दुखणे वेगळे. फिक्स पाना फक्त दोन बाजूंना धरतो. तो थोडा सैल असेल तर सगळा जोर दोन कोपऱ्यांवर येतो आणि कोपरे गोल होतात. सहा कोनांची गोटी सहाही बाजूंना धरते, म्हणून ती सुरक्षित. जुन्या बुलेटसारख्या गाड्यांत इंचांच्या मापाचे बोल्ट असत. त्यांना मिलिमीटरचा 'जवळपास बसणारा' पाना लावला की डोके गोल झालेच म्हणून समजा.

उपायांचा क्रम

येथवर निदान झाले. आता इलाज. इलाजात क्रम फार महत्त्वाचा आहे. सौम्य उपाय फसला तर कठोर उपाय करता येतो, पण कठोर उपाय फसल्यावर मागे येता येत नाही. मोडलेला बोल्ट पुन्हा अखंड होत नाही.

सर्वांत आधी एक खात्री करून घ्यावी : आपण योग्य दिशेने फिरवत आहोत ना? सायकलीच्या डाव्या पायडलचे आटे उलटे असतात हे मुलांना माहीत असते. यामाहाच्या अनेक मोटारसायकलींत उजव्या आरशाचे आटेही उलटे असतात. दिशा चुकली तर अडकलेला बोल्ट आपणच आणखी आवळतो.

तेल आणि सबुरी. डोक्याभोवतीची माती तारेच्या ब्रशने साफ करून पातळ तेल सोडायचे. बाजारात यासाठी डबाबंद फवारे मिळतात. त्यांतला प्रसिद्ध डब्ल्यूडी-४० हा १९५३ साली अमेरिकेत, धातूवरचे पाणी हटवून गंज रोखण्यासाठी तयार झाला. गॅरेजात पूर्वापार रॉकेलमध्ये थोडे तेल मिसळून वापरतात. ते आट्यांत शिरते केशाकर्षणाने. फट जितकी अरुंद तितकी ओढ जास्त. दोन काचपट्ट्या एका कडेला जुळवा, दुसऱ्या कडेला मध्ये आगकाडी ठेवा, रबराने बांधून रंगीत पाण्यात उभ्या करा. जुळलेल्या कडेकडे पाणी सर्वांत उंच चढेल.

पण अरुंद फटीतून वाट काढायला द्रवाला वेळ लागतो. टिपकागदाच्या पट्टीवर १, २, ३ सेंटिमीटरच्या खुणा करा, टोक पाण्यात बुडवा आणि प्रत्येक खुणेपर्यंत पोचायला लागलेला वेळ नोंदवा. दुप्पट अंतराला साधारण चौपट आणि तिप्पट अंतराला साधारण नऊपट वेळ लागतो असे दिसेल. पाच मिनिटांत तेल जेथवर पोचले त्याच्या दुप्पट खोल जायला त्याला वीस मिनिटे हवीत. 'तेल सोडा आणि उद्या या' असे मेकॅनिक म्हणतो तेव्हा तो टाळाटाळ करत असेलच असे नाही.

ठोकणे. डोक्यावर हातोडीचे बेताचे, सरळ ठोके मारतात. त्याने ठिसूळ गंजाला चिरा जातात आणि तेलाला वाट मिळते. दुसराही परिणाम होतो. मघाची फळी पुन्हा घ्या. ठोकळा घसरण्याच्या बेताला आला पण घसरत नाही, इतपत तिरपी ठेवा आणि फळीवर टिचक्या मारा. ठोकळा खाली सरकू लागतो. कंपनांमध्ये घर्षणाची पकड क्षणोक्षणी सुटते. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ साली दाखवून दिले की आडव्या धक्क्यांनी जोडाचे भाग एकमेकांवर सरकू लागले की घट्ट बोल्टही आपोआप फिरून सैल होतो. खड्ड्यांच्या रस्त्यावर गाडीचे बोल्ट जेणेकरून सुटतात, जवळपास तीच गोष्ट मेकॅनिक हातोडीने मुद्दाम घडवून आणतो.

ठोकणे आणि पिळणे एकाच वेळी साधणारे अवजार म्हणजे इम्पॅक्ट ड्रायव्हर. त्याच्या मागे हातोडी मारली की आतल्या तिरप्या खाचेमुळे टोक थोडेसे फिरते. म्हणजे उतरणीनेच सरळ धक्क्याचे पिळात रूपांतर होते. त्याच क्षणी धक्क्याने टोक खाचेत दाबलेही जाते, त्यामुळे उसळून बाहेर येत नाही. खरवडू लागलेल्या स्टार स्क्रूला हा उत्तम उपाय. दिशा मात्र आधी तपासून घ्यावी.

तापवणे. एका अंश सेल्सिअसला पोलाद आपल्या लांबीच्या दहा लाखांत सुमारे १२ भागांनी वाढते, ॲल्युमिनियम सुमारे २३ भागांनी. ६ मिलिमीटर छिद्राचे ॲल्युमिनियम आणि त्यातला स्क्रू असे दोन्ही १०० अंशांनी तापवले, तर छिद्र ०.०१४ मिलिमीटरने मोठे होते आणि स्क्रू ०.००७ मिलिमीटरने. फरक ०.००७ मिलिमीटर, केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाएवढा. पण ठिसूळ गंजाची पकड मोडायला तो अनेकदा पुरतो. चिकट द्रव लावला असेल तर तोही उष्णतेने मऊ पडतो.

छिद्र मोठे होते की लहान, हा प्रश्न मुलांना अवश्य विचारावा. 'धातू चहूबाजूंनी पसरतो, म्हणून छिद्र आकसेल' असे बरीच मुले म्हणतात. छिद्राच्या जागी त्याच धातूची चकती आहे अशी कल्पना करा. चकती पसरून मोठी होईल आणि तिच्याभोवतीचा भागही तेवढाच मोठा होईल. चकती काढली तरी भोवतालच्या धातूला त्याचा पत्ता नसतो.

ज्योतीपेक्षा गरम हवेची बंदूक बरी. लोखंड तापून लाल होते, तशी सूचना ॲल्युमिनियम देत नाही. ते ६६० अंशांना वितळते, त्याचे मिश्रधातू त्याआधीच, आणि वितळेपर्यंत रंग बदललेला दिसत नाही. शिवाय जवळ पेट्रोल असते. टाकी उतरवल्याशिवाय, तेल-पेट्रोलचे डाग पुसल्याशिवाय आणि हवा खेळती असल्याशिवाय हे काम करूच नये.

लांब दांडीचा मोह

या टप्प्यावर पुष्कळ जण पान्याला लोखंडी नळी लावतात. तरफेचा नियम पाठ असतो : दांडी लांब, पीळ जास्त. ६० सेंटिमीटर लांब नळीवर ३० किलो वजनाएवढा भार दिला तर पीळ होतो सुमारे १८० न्यूटन-मीटर. पण ६ मिलिमीटरचा साधा बोल्ट पंधरा-वीस न्यूटन-मीटरला पिळून तुटतो. म्हणजे नळी लावल्यावर बोल्ट निघणार की तुटणार, हे ठरवायची संधीच आपल्या हाती राहत नाही. तरफेने पीळ वाढतो, पोलादाची ताकद वाढत नाही.

त्याऐवजी आलटून पालटून फिरवावे. थोडे सैल करण्याच्या दिशेने, थोडे घट्ट करण्याच्या दिशेने. केसभर हालचाल झाली तरी गंजाची भुकटी होते आणि तेल आत शिरते. अर्धा फेरा मोकळा झाला की पुन्हा तेल सोडावे. घाईने फिरवत राहिले तर तीच भुकटी पुढच्या आट्यांत गच्च बसते.

डोकेच बिघडले तर

खाच किंवा कोपरे पुरते गेले असतील, तरी मार्ग आहेत. डोके झाकणाच्या वर असेल तर हॅकसॉने त्यात सरळ खाच पाडून रुंद स्क्रू ड्रायव्हर वापरता येतो. कानशीने दोन बाजू सपाट करून पाना किंवा ग्रिप प्लायर लावता येतो. डोक्याच्या कडेला छिन्नी तिरपी धरून, सैल होण्याच्या दिशेने ठोके देण्याची जुनी रीतही अनेकदा यशस्वी होते.

यांपैकी काहीच जमले नाही तर एक उपाय आहे, जो पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वेडेपणा वाटतो : डोके ड्रिलने उडवून टाकायचे. डोक्याच्या मध्यावर सेंटर पंचने खूण करायची आणि दांड्याच्या जाडीएवढे भोक पाडत जायचे. डोके सुटे होऊन पडते. बाकीचे स्क्रू आधीच काढलेले असल्याने झाकण उचलले जाते, आणि झाकणाच्या जाडीएवढा दांड्याचा तुकडा वर उभा दिसतो. त्याला ग्रिप प्लायरने धरून फिरवले की बऱ्याचदा तो सहज बाहेर येतो.

जो स्क्रू एवढा जोर लावून हलत नव्हता तो आता सहज कसा निघाला? मघाचा हिशेब आठवा. निम्मा पीळ डोक्याखालच्या घर्षणात जात होता. डोकेच नाही, तेव्हा ते घर्षण संपले. आट्यांमधले घर्षण दांड्याच्या ताणामुळे होते. डोके जाताच ८०० किलोंचा ताणही गेला. आता उरली फक्त गंजाची पकड. गंज थोडा असेल तर बोल्ट मोकळाच आहे! हा प्रश्न वर्गात उत्तर न सांगता टाकावा आणि मुलांना वाद घालू द्यावा.

गंजाची पकड भक्कम असेल तर कसबी वेल्डर उरलेल्या तुकड्यावर एक नट ठेवून आतून वेल्ड करतो. यात दोन गोष्टी साधतात. धरायला नवे षटकोनी डोके मिळते, आणि बोल्ट लालबुंद होऊन निवताना आकसतो, त्यामुळे गंज सुटतो. वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या तारा काढाव्यात, नाहीतर गाडीतले इलेक्ट्रॉनिक भाग जळू शकतात. जस्ताचा मुलामा असलेला नट तर वापरूच नये. त्याचा धूर अपायकारक असतो.

ईझी-आउटचे गणित

दुकानात 'ईझी-आउट' नावाचे अवजार मिळते. तुटलेल्या बोल्टच्या मध्यावर भोक पाडायचे आणि त्यात हा उलट्या आट्यांचा निमुळता दांडा उलटा फिरवत बसवायचा. तो घट्ट होत जातो आणि शेवटी बोल्टसह फिरतो, अशी अपेक्षा असते.

पण थोडा विचार करा. बोल्ट पिळून तुटला असेल, तर त्याचा पूर्ण जाडीचा दांडा जो पीळ पेलू शकला नाही, तो त्याच्या पोटात मावणाऱ्या बारीक अवजाराने कसा पेलावा? शिवाय निमुळते अवजार आत जाताना पोकळ झालेल्या बोल्टला बाहेर फुगवते आणि आटे आणखी घट्ट बसतात. ईझी-आउट कठीण आणि ठिसूळ पोलादाचे असते. ते आत मोडले तर साधे ड्रिल त्याला भोक पाडू शकत नाही. म्हणून जेथे डोके तुटले पण आटे गंजलेले नाहीत, किंवा तापवून-ठोकून पकड सैल केली आहे, तेथेच ते वापरावे. उलट्या दिशेने कापणारे ड्रिल मिळाले तर अधिक चांगले. भोक पाडता पाडता तेच बोल्टला सैल होण्याच्या दिशेने फिरवते आणि कधी कधी तेवढ्यानेच काम होते.

शेवटचा उपाय म्हणजे पूर्ण बोल्ट पोखरून काढणे. भोक नेमके मध्यावर असले पाहिजे. पोलाद कठीण आणि ॲल्युमिनियम मऊ असल्याने, जरा चुकले की ड्रिल ॲल्युमिनियमकडे घसरते. म्हणून बारीक ड्रिलने सुरुवात करून ५ मिलिमीटरपर्यंत जातात. मग आट्यांची उरलेली वेटोळी टोकदार सळईने उकलून काढून टॅप फिरवतात. मूळ आटेच गेले असतील तर छिद्र सुमारे ६.३ मिलिमीटर करून, खास टॅपने नवे आटे पाडून त्यात स्टेनलेस पोलादी तारेची गुंडाळी बसवतात. तिच्या आतल्या बाजूला पुन्हा ६ मिलिमीटरचे आटे मिळतात, तेही मूळच्या ॲल्युमिनियमपेक्षा टिकाऊ. ड्रिल करताना डोळ्यांवर चष्मा हवाच.

परत बसवताना

निघालेला बोल्ट नीट पाहावा. तांबूस गंज कुठे आहे, पांढरी भुकटी कुठे आहे, आटे कुठे ओढले गेले आहेत, यावरून अडकण्याचे कारण समजते. नवा बोल्ट बसवण्यापूर्वी छिद्र साफ करावे. तापणाऱ्या जागी तांब्याची भुकटी असलेले ग्रीस आट्यांना थोडेसे लावावे. त्याने पाणी आत शिरत नाही. मात्र घर्षण कमी झाल्याने तेवढ्याच पिळात ताण अधिक येतो, हे ध्यानात ठेवून पीळ थोडा कमी द्यावा. पहिले काही फेरे हातानेच फिरवावेत. हाताने फिरत नसेल तर आटे तिरपे लागलेले असतात. तेथेच थांबावे.

शाळेसाठी यातून काय घेता येईल? भंगारवाल्याकडून वा गॅरेजमधून पाच-सहा गंजलेले नट-बोल्ट आणावेत. मुलांचे गट करावेत. एका गटाने फक्त पाणी, दुसऱ्याने खोबरेल, तिसऱ्याने पातळ तेल, चौथ्याने काहीच न वापरता दुसऱ्या दिवशी बोल्ट सोडवून पाहावेत. पान्याच्या टोकाला स्प्रिंगकाटा अडकवून किती जोर लागला ते मोजावे, पान्याच्या लांबीने गुणून पीळ काढावा. आकडे सुबक येणार नाहीत, कारण कोणतेही दोन बोल्ट सारखे गंजलेले नसतात. मग तुलना न्याय्य कशी करायची, एकेका द्रवासाठी किती बोल्ट घ्यावे लागतील, हे मुलांनाच ठरवू द्यावे.

प्रत्येक वर्गात एखादा मुलगा किंवा मुलगी अशी असते, जिच्या घरी गॅरेज, पंक्चरचे दुकान किंवा शेतावरचे इंजिन आहे. पाना कसा धरायचा, तेल किती वेळ मुरू द्यायचे, 'आता हा तुटणार' हे हाताला कसे कळते, हे तिला ठाऊक असते. परीक्षेच्या कागदावर या ज्ञानाला जागा नसते आणि पुष्कळदा ते ज्ञान आहे हे तिलाही वाटत नसते. त्या दिवशी तिला फळ्याजवळ बोलवावे. 'ठोकल्यावर सैल का होतो?' हे तिने आपल्या शब्दांत सांगावे आणि घर्षणाचा धडा शिकवणाऱ्याने फळी आणि ठोकळा घेऊन तिच्या शेजारी उभे राहावे. दोघांनाही काही तरी नवे मिळेल.